ढालीचा उजवा हात

१

ठक. आणि जरा थांबून, पुन्हा एकदा ठक.

हॅरीने तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता. वसईच्या किल्ल्यात छप्पर उडालेलं एक जुनं चर्च आहे. त्याच्या जमिनीत पोर्तुगीज साहेबांच्या थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. पाचूबंदरची कोळ्यांची पोरं तिथे लपाछपी खेळायची. एका दगडावर ढाल कोरलेली होती आणि ढालीवर झिजून गेलेला कसलासा पक्षी. बाकीच्या दगडांवर टाच आपटली तर मुका आवाज यायचा. या दगडावर मात्र ठक वाजायचं, आणि पाय उचलून बाजूला झालं की खालून दुसरं ठक यायचं.

पोरं म्हणायची, आवाज घुमतो. वर उघडं आभाळ, भिंती पडलेल्या, घुमायला आहे काय इथे, असं हॅरीच्या मनात यायचं. पण तो मुळातच कमी बोलणारा. त्याने कोणाला विचारलं नाही, फक्त त्या दगडावर पुन्हा पाय ठेवला नाही.

पुढे शाळा सुटली. बापाबरोबर तो होड्या रंगवू लागला. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, क्रूस काढायचा, बाजूला होडीचं नाव घालायचं, दोन्हीकडे अक्षरं सारखी आली पाहिजेत. हात चांगला बसला. तोच हात घेऊन तो कतारला आला आणि दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता म्हातारा झाला. आता पाट्या मशीनवर छापून निघतात. कारखान्याने हॅरीला ठेवून घेतलं होतं ते हाताच्या कामासाठी, आणि तसं काम वर्षात दोनदा आलं तर आलं.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या वर्षी ते आलं.

२

समुद्राकडे एक नवं हॉटेल उभं राहत होतं. बाहेरच्या काचा अजून लागत होत्या आणि आत फर्निचर येऊन पडलं होतं. पाहुणे नोव्हेंबरात यायचे होते, त्यामुळे सगळ्यांच्याच पायाला भिंगरी होती. तळमजल्यावरच्या मोठ्या दालनात हॉटेलवाल्यांना विलायती थाट हवा होता. त्यांनी लाकडी ढाली मागितल्या, जुन्या घराण्यांच्या असतात तशा, हाताने रंगवलेल्या.

ढालींची चित्रं कारखान्यातली चैत्राली काढणार होती. पुण्याची मुलगी, कॉम्प्युटरवर डिझाइन करायची. हॅरीला ती काका म्हणायची. पहिल्याच दिवशी रंगाचा रिकामा डबा उपडा करून ती त्याच्यासमोर बसली.

"काका, हे पाटीसारखं नाही हं. याला नियम आहेत. मीही आत्ताच वाचलेत, म्हणून आधी सोपे सांगते."

"सांग."

"ढाल म्हणजे माणसाचं नाव. लढाईत तोंडावर लोखंडी टोप असायचा, ओळखणार कसं? म्हणून ढालीवर खूण. ती लांबून दिसायला हवी. त्यासाठी पिवळा आणि पांढरा हे धातू धरायचे, सोनं आणि चांदी. लाल, निळा, काळा, हिरवा हे रंग. धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही. सोन्यावर लाल चालेल. निळ्यावर काळं नाही चालणार."

"होडीलाही तसंच असतं. निळ्यावर काळं नाव घातलं तर किनाऱ्यावरून वाचता येत नाही."

"तेच. आता खरी गंमत. ढालीची उजवी बाजू कुठली?"

हॅरीने समोरच्या लाकडी ढालीच्या उजव्या अंगाला बोट लावलं.

"चूक. ती डावी. ढालीची बाजू आपल्या हिशेबाने नसते. ढालीच्या मागे जो उभा आहे, त्याचा उजवा हात म्हणजे ढालीची उजवी. म्हणून प्राणी काढायचा तर त्याचं तोंड नेहमी आपल्या डाव्या हाताकडे."

हॅरीने ढाल हातात घेऊन उलटी करून पाहिली. मागे कोरं प्लायवूड होतं. "मागे नेहमी कोणीतरी उभा असतो, असंच धरायचं?"

"असंच धरायचं."

पलीकडे बाजीराव सुतार ढाली कापत बसला होता. साताऱ्याकडचा, आडदांड माणूस. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारचं बोट करवतीने अर्धं नेलेलं. कारखान्यापासून जवळच, बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात राहायचा.

"ताई, ही घराणी कुठली म्हणायची?" त्याने विचारलं.

"कुठलीच नाहीत, बाजीराव. सगळी मी बनवली. खऱ्या कोणाची घेतली तर उद्या कोणी येऊन भांडेल."

"म्हंजी बिनमालकाच्या ढाली." बाजीराव हॅरीकडे वळला. "काय वो पेंटर, आनि ह्यो शिंव्ह हाय का मांजार?"

"तुझं तोंड बघून काढलाय," हॅरी म्हणाला.

बाजीराव दिवसभर ते सगळ्यांना सांगत फिरला.

३

ढाली नऊ होत्या. दालनातल्या लांब भिंतीवर हॉटेलच्या माणसांनी आधीच पितळी खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या, त्या मात्र अकरा निघाल्या. कोणाचा तरी हिशेब चुकला होता. मॅनेजर म्हणाला, दोन रिकाम्या राहू देत, पुढे बघू, यल्ला, चला कामाला. मग डावीकडे सिंहाच्या ढालीनंतर एक जागा सुटली आणि उजवीकडे बगळ्याच्या ढालीनंतर एक.

ढाली लावल्यावर हॅरी चार पावलं मागे गेला आणि थांबला. सिंहाचं तोंड उजवीकडे होतं.

त्याला आधी स्वतःचा राग आला. चित्र लाकडावर उतरवायला तो खाका वापरायचा, म्हणजे कागदावर रेघ काढायची, रेघेवर टाचणीने भोकं पाडायची आणि निळ्या भुकटीची पुरचुंडी वरून फिरवायची. कागद उलटा ठेवला गेला की चित्र उलटं उतरतं. नवशिक्याची चूक, पण वयाने कोणाचीही होईल.

कारखान्यात जाऊन त्याने सिंहाचा खाका काढला. भुकटी ज्या अंगाने फिरवतात ते अंग निळं होतं आणि दुसरं साफ राहतं. सिंहाचं तोंड डावीकडे येईल तेच अंग निळं होतं. दुसरं साफ होतं.

त्याने चैत्रालीला दाखवलं. ती म्हणाली, "राहू द्या काका, कोणाला कळतंय. आणि एक सांगू? हे अगदी चूक नाहीये. शेजारी दुसऱ्याची ढाल यायची असेल तर प्राणी तोंड वळवतो. त्याला पाठ करून उभं राहणं बरं दिसत नाही ना. मान देतात तो."

"शेजारी तर कोणी नाही."

"हो, ते आहेच," चैत्राली म्हणाली आणि मोबाइल वाजला म्हणून बाहेर गेली.

दोन दिवसांनी वाळवायच्या मांडणीवर एक दहावी ढाल दिसली. हिरवी, तिच्यावर सुताराचा चांदीचा रंधा आणि खाली काटकोन बघायचा गुण्या. हॅरीला वाटलं, चैत्रालीने परस्पर कोणाकडून करून घेतली. चैत्रालीला वाटलं, काकांनी बाजीरावची चेष्टा केली. आणि हॅरीने जवळून पाहिलं तर ब्रशचा फटकारा त्याचाच होता. होड्यांची नावं लिहून त्याच्या हाताला एक सवय लागली होती. रेघ संपताना ब्रश जरासा वर वळायचा. इथे प्रत्येक रेघ तशीच वळलेली होती.

मीच केली असेन, असं त्याने मनाला समजावलं. दिवसभर थिनरचा वास डोक्यात जातो, काय केलं ते लक्षात राहत नाही. प्लाय आत पोकळ तर नाही ना हे पाहायला तो नेहमी बोटाच्या पेराने लाकडावर मारायचा. तसं मारलं.

ठक.

त्याने हात मागे घेतला, आणि ढालीच्या आतून दुसरं ठक आलं.

बाजीराव मात्र खूश झाला. त्याने ढालीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि गावी पाठवला. "बायको म्हनली, आता सरदार झालासा, भांडी घासाया येनार न्हाई." सिंहाशेजारच्या रिकाम्या खुंटीवर त्यानेच ती टांगली. आता सिंह तिच्याकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी बाजीराव कामावर आला नाही. त्याच्या खोलीतली माणसं हाक मारून थकली तेव्हा कळलं, की तो झोपेतच गेला होता.

४

हॅरी अल वक्रात राहायचा. त्याच्या बायकोने, लिझीने, मुद्दाम तिथे घर घेतलं होतं, कारण संध्याकाळी किनाऱ्यावर लाकडी होड्या दिसतात. ती इस्पितळात वॉर्डातली नोंदणी बघायची. मुलगा जॉर्डन आणि सून क्रिस्टी त्यांच्याचजवळ होती. क्रिस्टीला सातवा महिना होता. जॉर्डन त्याच हॉटेलवर बाहेरच्या काचांच्या कामाचा सुपरवायझर होता. डिसेंबरात हॅरी आणि लिझीने कायमचं वसईला परतायचं, असं ठरलं होतं.

बाजीरावची शवपेटी विमानात चढली त्या दिवशी हॅरी काही जेवला नाही. लिझीने त्याचं ब्लडप्रेशर पाहिलं. ते बरोबर होतं.

"काय खातंय तुला?" तिने विचारलं.

"माणूस चांगला होता."

"तेवढंच?"

तो उठून खिडकीशी जाऊन बसला. लिझी शेजारी येऊन बसली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दालनात गेला. बाहेर ऊन रटरटत होतं, आत नव्या गालिच्यांचा आणि व्हार्निशचा वास कोंडला होता. बाजीरावची ढाल खुंटीवर जराशी कलली होती. सरळ करायला हॅरीने शिडी लावली. ढाली भिंतीला चिकटून नव्हत्या. मागे दोन बोटं फट राहील अशा त्या टांगलेल्या होत्या. त्याने खालची कड धरली आणि सहज फटीत डोकावलं.

आत अंधार होता. त्या अंधारात, ढालीच्या पाठीला धरून, चार बोटं होती. अंगठ्याशेजारचं बोट अर्धं होतं.

हॅरी शिडीवरून पडला नाही. एक एक पायरी मोजून खाली उतरावं तसा तो उतरला, खाली बसला, आणि आपले हात पाहिले. मग उठून पुन्हा वर चढला आणि पुन्हा पाहिलं. फटीत भिंत होती आणि पितळी खुंटी होती, दुसरं काही नव्हतं.

खाली येताना मात्र त्याच्या लक्षात आलं, की ढाल आता सरळ झाली होती. त्याने तिला हात लावला नव्हता.

५

पुढच्या आठवड्यात बगळ्याने तोंड वळवलं.

हॅरीने खाका वगैरे काही पाहिला नाही. तो तडक कारखान्यात मांडणीपाशी गेला. तिथे एक जादा ढाल होती, पांढऱ्या रंगाचा नुसता एक हात मारलेली. तिच्यावर चित्र उमटू लागलं होतं. जुन्या पाटीवर नवा रंग चढवला की कधीकधी खालची अक्षरं वर येतात, तसं ते वर येत होतं. सोनेरी जमिनीवर निळी होडी, नाळेवर क्रूस. होडीच्या वर दोन दोर आणि दोरांना टांगलेली एक चौकट. आणि सगळ्यात वर एक लाल आडवी पट्टी, तिला खाली तीन दात, फणीसारखी.

होडी त्याने ओळखली. पाचूबंदरची होती, त्याच्या घरची. दोरांना टांगलेली चौकट म्हणजे काचा लावायला इमारतीवरून सोडतात तो झुला. जॉर्डन गुरुवारी त्यातून वर जाणार होता. काचांची शेवटची तपासणी होती.

फणीचं त्याला कळेना. त्याने चैत्रालीला विचारलं. ढाल दाखवली नाही, कागदावर काढून दाखवली.

"अरे वा काका, हे कुठे पाहिलंत? ही थोरल्या मुलाची खूण. बाप जिवंत असेपर्यंत थोरला मुलगा बापाचीच ढाल वापरतो, पण वर ही फणी लावून. म्हणजे कळावं, की हा मुलगा आहे, अजून मालक नाही."

"आणि फणी काढली तर?"

"तर ती बापाची ढाल झाली."

"एकदा मुलाची म्हणून केलेली ढाल, तिच्यावरची फणी कधी काढतात?"

"बाप गेला की." चैत्रालीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काका, तुम्ही घरी जाऊन आराम करा बरं. डोळे बघा कसे झालेत."

हॅरी घरी गेला नाही. सगळे चहाला बाहेर पडल्यावर त्याने ती ढाल बाजीरावच्या करवतीखाली धरली. दोन तुकडे केले. कचऱ्याच्या मोठ्या पेटीत आपल्या हाताने टाकले आणि पेटी उचलणारी गाडी येऊन जाईपर्यंत उन्हात उभा राहिला.

सकाळी ढाल हॉटेलमध्ये बगळ्याशेजारच्या खुंटीवर होती. अख्खी.

"ड्रायव्हरने आणून लावली, तुमच्या मांडणीवरच होती म्हणे," चैत्राली म्हणाली. "सुंदर झालीये काका. मला सांगायचंत तरी. मॅनेजर म्हणाला, खलास, भिंत पूर्ण."

हॅरी शिडीवर चढला आणि दोन्ही हातांनी ढाल खुंटीवरून उचलू लागला. ढाल वजनाने काहीच नव्हती, पोरगंही उचलेल. ती हलली नाही. तो जोर लावी तेव्हा पलीकडूनही तेवढाच जोर लागे, आणि तो सैल सोडी तेव्हा तीही सैल होई. दार ढकलावं आणि आतल्या माणसाने खांदा लावावा तसं.

६

बुधवारी जेवताना त्याने जॉर्डनला सांगितलं, "उद्या वर जाऊ नकोस."

"का?"

"सांगता येत नाही मला. नको जाऊ."

"पप्पा, मी नाही गेलो तर माझ्या जागी दुसऱ्याला पाठवतील. त्यालाही घर आहे ना? दोर चेक केलेत. मी स्वतः केलेत."

"रजा घे. आजारी आहे म्हण."

"वर्ल्ड कपच्या तोंडावर? मग कायमचीच रजा मिळेल." जॉर्डन हसला. "मम्मी, ह्यांना सांग, थिनर हुंगायचं कमी करा."

"पप्पा, तुमच्या नातवाला शिकवाल का ब्रश धरायला?" क्रिस्टीने विषय बदलला. "ह्यांचं अक्षर बघितलंय ना तुम्ही? डॉक्टरलाही वाचता यायचं नाही."

सगळे हसले. हॅरीही हसला. क्रिस्टीचा हात पोटावर होता. बाळाने लाथ मारली की तिचं बोलणं मध्येच थांबायचं आणि जॉर्डन घास तसाच धरून तिच्याकडे पाहायचा. हॅरीने ते पाहिलं आणि त्याचं ठरलं. एकदा ठरल्यावर त्याला पोटभर भूक लागली. त्याने बोंबील मागून घेतला.

सकाळी तो निघाला तेव्हा लिझी बॅगा काढून पुसत होती. डिसेंबरला अजून वेळ होता, पण तिला धीर नव्हता.

"ही निळी तुझी," ती म्हणाली. "चाक मोडलंय, पण दोरी बांधू."

"बांध."

"लवकर ये. आज चर्चात मिस्सेला जायचंय."

तो दारात थांबला. तिच्या केसांत बॅगेवरची धूळ लागली होती, ती त्याने काढली. लिझीने मान वर करून पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने असं दिवसाउजेडी कधी केलं नव्हतं.

"काय रे?" तिने हळूच विचारलं.

"धूळ होती," हॅरी म्हणाला.

७

दालनाच्या एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच होती. तिच्यातून बाहेरचा झुला दिसायचा. हॅरी पोहोचला तेव्हा तो अजून जमिनीवरच होता आणि जॉर्डन पट्टे आवळत होता. बापाला काचेतून पाहून त्याने अंगठा दाखवला. हॅरीनेही दाखवला.

मग त्याने शिडी लावली. सोनेरी रंगाचा डबा, ब्रश आणि चिंधी घेऊन तो वर चढला.

लाल रंग हट्टी असतो. वर सोनेरी मारला तरी खालून डोकावतोच. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. हॅरीने पहिला हात मारला. फणी फिकट झाली, पण तिचे तीन दात स्पष्ट दिसत राहिले. बाहेर मोटर सुरू झाली. झुला जमिनीवरून उचलला गेला आणि काचेवरून त्याची सावली वर सरकू लागली.

तो रंगावर फुंकर मारत राहिला. टोपीने वारा घालत राहिला. घाई केली तर खालचा थर सुटतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं, म्हणून त्याने हाताला घाई करू दिली नाही. सावली काचेच्या वरच्या कडेला पोहोचली आणि दिसेनाशी झाली. आता फक्त मोटर ऐकू येत होती.

बगळा त्याच्या कानापाशी होता. त्याने तिकडे पाहिलं नाही.

बोटाने हळूच पाहिलं, रंग धरला होता. त्याने दुसरा हात सुरू केला, ढालीच्या उजवीकडून, म्हणजे मागे उभा असणाऱ्याच्या उजवीकडून. पहिला दात गेला. दुसरा गेला. इतक्यात वरून धातू धातूवर घासल्याचा लांबलचक आवाज आला आणि पाठोपाठ माणसांचा ओरडा. काचेत एक हेल्मेट खाली पडताना दिसलं. मग झुल्याचं एक टोक काचेच्या वरच्या कडेतून खाली आलं. झुला एका दोराला तिरपा लोंबकळत होता. तो घसरत होता.

हॅरीने ब्रश डब्यात बुडवला. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तिसऱ्या दातावर ब्रश टेकवला आणि वरून खाली, एका दमात, होडीचं नाव संपवावं तसा, ओढला. रेघ संपताना ब्रश जरासा वर वळला.

झुला थांबला.

आवाज थांबले. खालून कोणीतरी हिंदीत म्हणत होतं, पकड लिया, पकड लिया, हिलो मत. हॅरीने कपाळ ढालीच्या कडेला टेकवलं आणि श्वास घेतला. ताज्या रंगाचा वास आला. खालच्या फटीत काहीतरी सरकलं. भीती वाटेल असं त्यात काही नव्हतं. गर्दीच्या बाकावर आधी बसलेला माणूस अंग चोरून शेजारच्याला जागा करून देतो, तेवढंच ते सरकणं होतं.

८

जॉर्डन आला तेव्हा ऊन गालिच्यावर अर्ध्यापर्यंत आलं होतं. त्याच्या कोपराला पट्टी होती. बरोबरची माणसं दारातच थांबली, तो एकटा आत आला.

"पप्पा," त्याने हाक मारली. "मी ठीक आहे."

"दिसतंय मला," हॅरी म्हणाला.

जॉर्डनने शिडीकडे पाहिलं. शिडीच्या वरच्या पायरीवर डबा होता, ब्रश होता, टोपी होती. त्याने दालनात चारी बाजूंना नजर फिरवली. मागचं दार उघडून पाहिलं आणि परत आला.

"पप्पा?"

"अरे, इथे आहे ना. इकडे बघ."

जॉर्डन तीन पायऱ्या वर चढला. त्याचं तोंड अगदी जवळ आलं. गालावर काचेची भुकटी लागली होती, ओठाला कोरड होती. लहानपणी ताप आला की जसा दिसायचा तसा दिसत होता. हॅरीला त्याचा गाल पुसावासा वाटला, पण हात जड झाला होता. हाताने ढाल मागून धरलेली होती आणि ती सोडून चालणार नव्हतं.

जॉर्डनने ढालीवरची होडी पाहिली. क्रूस पाहिला. दोरांना टांगलेली चौकट पाहिली. मग त्याने हळूच बोट पुढे केलं आणि होडीच्या वरच्या रिकाम्या सोन्यावर टेकवलं. रंग अजून ओला होता. तो बोटाला लागला.

"क्रिस्टीला फोन कर," हॅरी त्याला म्हणाला. "आणि मम्मीला घ्यायला जा. ती वाट बघत असेल."

जॉर्डन बोटावरचा सोनेरी डाग पाहत शिडीवर उभा राहिला. मग खाली उतरला. टोपी उचलून त्याने छातीशी धरली, एकदा वर पाहिलं, आणि दाराकडे चालू लागला.